कुणालाही विचारा

शेजारच्या केबिनमधल्या बाईनं माझ्या आईला कपाळापर्यंत येऊ दिलं आणि बंद करून टाकलं. आधी वरची पिवळी पट्टी आली, मग गणपती, मग बऱ्याच वेळानं आईचे केस, मधला भांग, कपाळ, कुंकवाची वरची कड. भुवया यायला लागल्या होत्या. एवढ्यात बाईनं कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली आणि आई गेली. मी मुद्दाम बघत नव्हतो. रत्नागिरीच्या स्टँडसमोर शिवानं हे सायबर कॅफे काढलंय, तिथल्या दोन केबिनींच्या मध्ये प्लायवूडची फळी आहे, ती बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंतच येते. पावसची गाडी यायची होती म्हणून मी आत शिरलो होतो, कुणाचा मेल आलाय का बघायला. मेल नव्हता. उठता उठता नजर गेली, तर पलीकडच्या पडद्यावर आमच्या साइटची पिवळी पट्टी. पहिल्यांदा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? रस्त्यानं जाणारं अनोळखी माणूस आपल्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, थांबलं की होतो तसा. मग ते माणूस बेड्यावरूनच मागे फिरलं. चेहऱ्यावर राग नाही, कंटाळा नाही, काहीच नाही. डोळ्यांवर आलेली बट मागे सारावी तसं तिनं आईला बाजूला सारलं आणि यादीतलं पुढचं नाव उघडलं.

मी पुन्हा खाली बसलो. समोरचा पडदा काळा झाला होता आणि त्यात माझंच तोंड दिसत होतं. सायबर कॅफेत शेजाऱ्याच्या पडद्यात बघू नये, ही रीत एवढ्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे कुणी आणली देवाला ठाऊक. एरवी इथे एसटीत शेजारी बसलेल्या माणसाच्या पिशवीत कुठला मासा आहे ते विचारल्याशिवाय वाटेवरचं चांदोर येत नाही. पण इथे सगळे आपले देवळात बसल्यासारखे. मला उभं राहून म्हणता आलं असतं, अहो बाई, जरा थांबा, डोळे येऊ देत तिचे. डोळे आले की माणूस थांबतं. आई वारली तरी फोटोतले तिचे डोळे घरात सगळ्यांना पुरले होते.  

ती साइट माझी. वेदनं बनवली, पण अक्कल माझी. वेद आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटर शिकून आला, मारुती आळीत क्लास चालवतो. हुशार आहे, पण आजकालच्या हुशार मुलांसारखा तुटक. म्हणाला, काका, पहिल्या पानावर मालाचे फोटो नि फोन नंबर, बस्स. मी म्हटलं, वेद, तुझ्या घरी कुणी आलं की तू दारातच त्याच्या हातात वजनकाटा देतोस का रे? तो हसला. मी त्याला नीट समजावून सांगितलं. आपल्याकडे माणूस आला की आधी ओटीवर बसतो. पाणी येतं, गुळाचा खडा येतो. कुठले, कुणाचे, मूळ गाव कुठलं, अमक्याचे कोण, हे होतं. मग देव बघतो, बाग बघतो. आणि मग निघता निघता, सहज, बरं थोडी आंबापोळी होती का हो, असा विषय निघतो. तशी साइट कर. पहिल्या पानावर गणपती आणि आई, कारण आनंदी गृहोद्योग तिच्या नावाचा, तिनंच चालू केलेला. दुसऱ्या पानावर घराण्याची माहिती. तिसऱ्यावर कुलदैवत. मग बाग. मग आंबापोळी, फणसपोळी, कोकम. आणि अगदी शेवटी, ओळख झाल्यावर, फोन नंबर. वेद म्हणाला, आणि पत्ता? मी म्हटलं, पत्ता काय, लिही, पावस स्टँडवर उतरून कुणालाही विचारा. तो कीबोर्डवरचे हात काढून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बघतोस काय, खोटं आहे का? खोटं नव्हतंच. स्टँडवरचं कुत्रंसुद्धा आणून सोडील आमच्याकडे.

आणि सनई. सनई मला हवीच होती. शिवाय मराठी अक्षरं दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसतात म्हणून वेदनं सगळ्या मजकुराचे फोटो काढून लावले. म्हणजे घराण्याची माहिती हा एक फोटो, कुलदैवत हा एक फोटो. मग म्हणाला, काका, फार जड झालंय, आजींचा फोटो तरी लहान करू? मी इतका चिडलो. म्हटलं, ज्या बाईनं पातेली घासून हा धंदा उभा केला तिला मी लहान करू? त्यावर त्या बिचाऱ्यानं फोटो तसाच ठेवला. वेदच्या क्लासमध्ये त्याच्याच मशीनवर सगळं कसं झटकन उघडायचं. सनई वाजायची, आई पूर्ण दिसायची, खाली येऊन गेलेल्या माणसांचा आकडा फिरायचा. तो आकडा रोज वाढतोय म्हणून मी घरी बायकोला, ऋजुताला, येऊन सांगायचो. पुढे वेदनंच एकदा, अगदी हळू, माझ्याकडे न बघता सांगितलं, काका, तुम्ही रोज उघडता ना, ते पण त्यात धरतात. म्हणजे इतके दिवस मीच माझ्या दारात येत होतो आणि मीच माझं स्वागत करत होतो. हे मी ऋजुताला सांगितलं नाही.

ऋजुताला आकड्यांत रस नव्हताच.  आई गेल्यापासून हे सगळं तीच ओढते, ती आणि सगुणा. सगुणा आईच्या वेळेपासून रस काढायला येते, आता तिचेही हात थकलेत. आई होती तोवर मुंबईकर चाकरमानी मे महिन्यात यायचे ते आमच्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे न्यायचे. आता ती पिढी संपली, पोरं महाबळेश्वरला जातात. गेल्या वर्षीची पोळी डब्यात तशीच राहिली, काळी पडायला लागली. या सीझनच्या सुरुवातीला, पहिले रायवळ आंबे आले त्या दिवशी, ऋजुता पातेलं खाली ठेवून म्हणाली, "हे बघा, यंदा मी करत्ये. पण बाहेरगावचं एक तरी गिऱ्हाईक कायमचं लागलं नाही, तर पुढल्या वर्षी रस काढायचा नाही. मी दापोलीला जात्ये. दादाची रोपांची नर्सरी आहे, त्याला माणूस हवंय. शनिवार-रविवार येईन." ती रागावून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. गणपतीत कोण कधी येणार ते ठरवावं तशा आवाजात म्हणाली. दापोलीला काही रेल्वे जात नाही, एसटीनं आख्खा दिवस मोडतो. शनिवार-रविवार म्हणजे काय ते आम्हां दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, साइट आहे ना. ती म्हणाली, आहे हो, आहे.

हे सगळं मी शिवाच्या कॅफेत, काळ्या पडद्याकडे बघत आठवत होतो आणि पलीकडे ती बाई उठली. काउंटरशी गेली. उंच, कॉटनची साडी, खांद्याला मोठी पिशवी, बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली. शिवाला म्हणाली, "इथे चांगली आंबापोळी कुठे मिळेल हो? घरगुती. नेटवर काही धड सापडत नाहीये. एक उघडली ती सावंतवाडीची निघाली." शिवाच्या घरचा बोटीचा धंदा, त्यानं तो सोडून हे काढलं, पण आवाज अजून बोटीवरचाच. तो ओरडला, "आयला! बाई, काखेत कळसा नि गावाला वळसा! हे काय काका बसलेत तुमच्या शेजारी. पावसचे. आनंदीबायची आंबापोळी. काका, ओ काका, उठा, गिऱ्हाईक आलंय!"

म्हणजे पत्ता बरोबर होता. कुणालाही विचारा लिहिलं होतं, तिनं कुणालाही विचारलं, आणि तिला मी सापडलो. मी उठलो. त्या क्षणी मला वाटलं, वेदला आत्ता इथे आणून उभा करावा. बाई माझ्याकडे वळून हसली. म्हणाली, "अरे वा. माझं नाशिकला दुकान आहे, कोकणातलाच माल ठेवते. मला दर महिन्याला लागेल. नमुना आहे का बरोबर?"

माझ्या पिशवीत होता. ऋजुतानं सकाळीच दोन पुड्या घातल्या होत्या, कुणी भेटलं तर असू दे म्हणून. हात पिशवीकडे गेलासुद्धा. पण तोंड आधी उघडलं. तोंड म्हणालं, "नाशिकच्या म्हणजे मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"मूळच्या? सटाण्याची. महिन्याला साधारण किती देऊ शकाल तुम्ही?"

"सटाणा म्हणजे बागलाण. आमच्या आईचे एक मामा त्या बाजूला फॉरेस्टात होते. बसा ना, उभ्या का? शिवा, चहा सांग रे."

"नको नको, चहा नको. माझी गाडी आहे, स्टेशनला जायचंय. भाव काय ठेवलाय?"

"अहो, भाव काय, भाव होईल. आमच्याकडे आलात आणि चहा न घेता... शिवा, जा ना रे. त्याचं असं आहे, ही आंबापोळी माझ्या आईनं सुरू केली. म्हणजे आमचं मूळ घराणं काही पावसचं नव्हे. आमचे पणजोबा..."

मला माझा आवाज ऐकू येत होता. पणजोबा येत होते, वरून खाली, एकेक रेघ, आणि बाईच्या चेहऱ्यावर तेच आलं जे मघाशी पाहिलं होतं. राग नाही, कंटाळा नाही, काहीच नाही. ऐकत असल्यासारखी मान हलत होती आणि डोळे दाराकडे गेले होते. मला थांबायचं होतं. देवाशप्पथ थांबायचं होतं. पण पणजोबा अर्धे आल्यावर त्यांना तिथेच सोडायचं कसं? बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. ती म्हणाली, "बरं, मी निघते. तुमचा फोन नंबर?" मी म्हटलं, "देतो ना, चहा येतोच आहे, तेवढ्यात लिहून देतो." पुन्हा हॉर्न. ती पायऱ्या उतरत मागे वळून, अगदी सभ्यपणे म्हणाली, "राहू दे. साइट आहे ना तुमची? त्यावर असेलच नंबर."

शिवा चहाचे दोन ग्लास घेऊन आला तेव्हा रिक्षा वळली होती. तो माझ्याकडे बघत राहिला, मग एक ग्लास त्यानं स्वतः घेतला आणि एक मला दिला. "दिलात का माल?" म्हणाला. मी म्हटलं, गाडी होती तिची.

पावसच्या गाडीत मला खिडकी मिळाली. भाट्याच्या पुलावर नेहमीसारखा खारा वारा आत आला, ओहोटी होती, चिखलात माणसं वाकून काहीतरी वेचत होती. मला फारसं दुःख होत नव्हतं, याचंच नवल वाटत होतं. कुणी दुसऱ्याची हकिगत सांगावी तसं मी स्वतःलाच सांगत होतो: एक गृहस्थ होता, त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं, त्यानं गिऱ्हाइकाला पणजोबा दाखवले. साइट वाईट झाली आहे हे मला पटलं होतं, पण त्यापेक्षा वाईट एक गोष्ट होती. साइट हुबेहूब झाली होती. वेदनं काही चुकवलं नव्हतं. मला उघडायला जितका वेळ लागतो तितकाच साइटलाही लागत होता. आणि तरीही आतून एक हट्टी आवाज म्हणतच होता, की रीत ती रीत. आई असती तर तिनंही आधी बसवलं असतं, पाणी दिलं असतं. बिनपाण्याचं गिऱ्हाईक तिनं कधी पाठवलं नाही. मी साक्षीला होतो.

घरी आलो तेव्हा ऋजुता अंगणातल्या खळ्यात पत्र्यांवर वाळणारी पोळी उलटत होती. तुपाचा हात लावून कड सुटी करायची, मग एका झटक्यात अख्खी उलटी. सगुणा पलीकडे कावळे हाकत बसलेली. मी पुड्या पिशवीतून काढून ओटीवर ठेवल्या. ऋजुतानं पुड्या बघितल्या. "कुणी भेटलं नाही?"

"भेटली. नाशिकची. दुकान आहे. दर महिन्याला हवी म्हणाली."

तिचे हात थांबले. मी सगळं सांगितलं. पणजोबांपर्यंत आल्यावर सगुणानं पदर तोंडाला लावला, ती हसत होती. ऋजुता हसली नाही. "नमनालाच घडाभर तेल," ती म्हणाली. "आणि नंबर?"

"चहा सांगितला होता."

ती पुन्हा पोळीकडे वळली.  मला वाटलं आता दापोलीचं काढेल, पण तेही काढलं नाही. ते काढण्याच्या पलीकडे गेल्यासारखी, शांतपणे एकेक कड सोडवत होती. मला ते सहन होईना म्हणून मी म्हटलं, "आईनंसुद्धा आधी पाणीच विचारलं असतं."

"कुणी? आईंनी?" ऋजुतानं मान वर केली. "अहो, आई कधी बाहेर तरी यायच्या का? रसात हात कोपरापर्यंत. बेडं वाजलं की आतूनच ओरडायच्या, काय हवं? एवढंच. काय हवं. माणूस सांगेपर्यंत सगुणानं पुडी नेऊन त्याच्या हातात दिलेली. पाणी मागाहून."

"मागाहूनच," सगुणा म्हणाली. "पाण्याक तू जायचास ना. तू येतंस कवा, तोवर गिऱ्हाईक पायतान घालूक लागायचा."

मी ओटीच्या कडेवर बसलो. खरंच, पाण्याला मी जायचो. पडवीच्या टोकाला, अंधारात, मडक्यावरचं ओलं फडकं बाजूला करायचं, गडू बुडवायचा, वाटीत गुळाचा खडा घ्यायचा. मग माजघरातून ओटीवर, सांडू नये म्हणून नजर गडूच्या काठावर ठेवून, पावलं मोजल्यासारखी. आईचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, शब्द कळायचे नाहीत. मी ओटीवर पोचायचो तेव्हा पाहुणे हसत असायचे, सैलावलेले, मांडीवर पुडी, आणि मग माझ्या हातून पाणी घेऊन म्हणायचे, आनंदीबाईंचा का रे तू? मग कुठले, कुणाचे, मूळ गाव, सगळं तेव्हा. मला तीच सुरुवात वाटायची. माझी सुरुवात तीच होती. आधीचं सगळं मी पाणी आणत असताना होऊन गेलेलं असायचं. इतकी वर्षं मी आपला व्यवहार आटोपल्यानंतरच्या गप्पांना धंदा समजत आलो, त्याच साइटवर लावल्या, त्याच त्या बाईला ऐकवल्या. मला आईची फार आठवण आली. फोटोतल्या नव्हे, फोटोत ती नीट पदर घेऊन, कधी बसायची नाही तशी खुर्चीत बसली होती. मला आठवली ती कोपरापर्यंत पिवळी, घामेजलेली, ऊन जातंय म्हणून सगळ्यांवर खेकसणारी. तिला त्या सनईत बसवून मी काय केलं होतं!

दुसऱ्या दिवशी वेदकडे गेलो. म्हटलं, पहिल्या पानावर पोळीचा फोटो, भाव, फोन नंबर. पत्ता नीट लिही, घर क्रमांकासकट. सनई काढ. आकडा काढ. आणि वर मोठ्या अक्षरात, काय हवं, एवढंच लिही. वेदनं पेन खाली ठेवलं. काहीतरी विचारायचं होतं त्याला, धीर होत नव्हता. शेवटी म्हणाला, "आणि आजी?"

"आजी आत," मी म्हटलं. "ती आतच असायची."

काम व्हायला फार वेळ लागला नाही. मी शिवाकडे जाऊन उघडून बघितलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं समोर. पोळी, भाव, नंबर. इतकं लगेच, की मला क्षणभर ओकं ओकं वाटलं, कुणीतरी आपल्या घरातलं सामान हलवलंय असं. आत जाऊन आईचा फोटो बघितला. तिथे ती लहान, पानाच्या कडेला होती. पुन्हा बाहेर आलो. शेजारच्या केबिनमध्ये कुणी नव्हतं. ऋजुताला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं. दापोलीच्या दादाला पत्र टाकायचं राहिलंय, असं तिनं त्याच संध्याकाळी दिवा लावताना म्हटलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग आंब्याचा सीझन संपत आला, पत्रे धुऊन पालथे घातले, सगुणाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायचं कोणी, यावर आम्ही दोघंही विषय बदलत राहिलो. नाशिकच्या बाईचा फोन आला नाही. ती कशाला पुन्हा आमची पिवळी पट्टी उघडेल?

मग एका दुपारी फोन वाजला. मी ओटीवर आडवा झालो होतो. ऋजुता माजघरात डबे भरत होती. मी उठलो, रिसीव्हर उचलला. पलीकडे एक पुरुषाचा आवाज, अनोळखी, कुठल्यातरी रहदारीच्या रस्त्यावरचा. म्हणाला, "आनंदी गृहोद्योग का? आत्ता नेटवर नंबर मिळाला. मी सोलापुराहून बोलतोय." सोलापुराहून. माझ्या तोंडात सगळं तयार झालं: सोलापूर म्हणजे मूळचे कुठले, आडनाव काय, अक्कलकोटच्या बाजूला आमचे एक... ओठ उघडले.  मी तो सगळा घास गिळला आणि त्या गिळण्यात माझा आवाजच गेला. पलीकडचा माणूस म्हणाला, "हॅलो? हॅलो?" मी रिसीव्हर तसाच धरून ऋजुताकडे बघितलं. ती तुपाचे हात साडीला पुसत आली, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाली, "हां, बोला. काय हवं?"

मला तिथे काही काम नव्हतं. मी आत गेलो. पडवीच्या टोकाला अजून तिथेच मडकं आहे. फडकं बाजूला केलं, गडू बुडवला. सवयीनं गुळाचा खडाही घेतला. मग सांडू नये म्हणून काठावर नजर ठेवून हळूहळू माजघरातून चालत आलो. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी ओटीवर पोचलो तेव्हा ऋजुता रिसीव्हर खाली ठेवत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, गडूकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"सगुणाला सांगा," ती म्हणाली, "उद्या पुड्या बांधायला ये म्हणावं. दर महिन्याला पाठवायचंय."

मी मान हलवली. फोनवरच्या माणसाला पाणी देता येत नाही, ते मीच उभ्या उभ्या प्यायलो.